संगणकांची सावड

संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास महाविद्यालयातल्या संगणक प्रयोगशाळेला कुलूप लागते ते सकाळी आठला उघडते. मधल्या काळात आतल्या साठ यंत्रांना काहीही काम नसते. त्याच इमारतीत दोन मजले वर रसायनशास्त्राची एखादी संशोधक विद्यार्थिनी एक लाख रेणूंची यादी घेऊन बसलेली असते. त्यांतला कोणता रेणू एका ठरावीक प्रथिनाच्या खाचेत नीट बसतो, हे तिला तपासायचे आहे. एका रेणूला एका कोरवर (प्रोसेसरमधल्या एका स्वतंत्र गणनभागावर) पाच मिनिटे लागतात असे धरले, तर एकूण काम ८,३३३ कोर-तासांचे. तिच्या टेबलावरच्या चार कोरच्या संगणकावर ते अहोरात्र चालवले तरी ८७ दिवस लागतील. खालच्या साठ यंत्रांचे कोर होतात २४०, आणि बारा तासांच्या एका रात्रीत त्यांतून २,८८० कोर-तास मिळतात. म्हणजे तेच काम तीन रात्रींचे. वीज जाणे, यंत्र बंद पडणे वगैरे धरून चार रात्री म्हणा.

या दोन मजल्यांमधले अंतर मिटवायचे तंत्र १९८८ पासून उपलब्ध आहे. तरीही आपल्याकडे संगणनाचा प्रश्न निघाला की चर्चा नव्या खरेदीवर जाते. आमचे म्हणणे असे की, महाराष्ट्रातल्या विद्यापीठांनी आणखी यंत्रे घेण्याआधी असलेली यंत्रे एकमेकांच्या कामाला लावावीत, आणि त्यासाठीचा पहिला रुपया माणसाच्या पगारावर खर्च करावा.

शेतीत आपल्याकडे दोन जुन्या रीती आहेत. सावडीत आज माझे बैल तुझ्या रानात, उद्या तुझे माझ्या रानात. हिशेब तोंडी असला तरी पक्का असतो. इर्जिकीत मात्र गाव बैल-नांगर घेऊन एकाच्या शेतावर येतो, दिवसभर राबतो आणि त्या बदल्यात जेवून जातो. संगणनातही हे दोन्ही प्रकार आहेत. संस्था-संस्थांनी आपली यंत्रे परस्परांना वापरू देणे म्हणजे ग्रिड, ती सावड. जगभरच्या अनोळखी लोकांनी आपापल्या घरच्या संगणकाचा रिकामा वेळ एखाद्या प्रकल्पाला देणे म्हणजे स्वयंसेवी संगणन, ती इर्जिक. दोन्हींची गणिते वेगळी आहेत आणि त्यांची गल्लत झाली की निर्णय चुकतात.

इर्जिकीचे सर्वांत गाजलेले उदाहरण म्हणजे सेटी ॲट होम, परग्रहांवरच्या बुद्धिमान जीवांच्या संकेतांचा शोध. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली संकुलातून मे १९९९ मध्ये ते सुरू झाले आणि पन्नास लाखांहून अधिक लोक त्यात सामील झाले. आरेसिबोच्या रेडिओ दुर्बिणीने टिपलेल्या संकेतांचे छोटे तुकडे करून ते घरोघरच्या संगणकांना पाठवले जात. एक तुकडा सुमारे ३५० किलोबाइटचा, आणि त्या काळच्या संगणकाला तो तपासायला कित्येक तास लागत. प्रकल्पाच्या यशाचे मर्म या प्रमाणात आहे. पाठवायचे थोडे, करायचे पुष्कळ. तुमच्या कामात एका तासाच्या गणितासाठी वीस गिगाबाइटची फाइल पाठवावी लागत असेल, तर पन्नास लाख स्वयंसेवक मिळूनही उपयोग नाही.

याच गटाने पुढे बॉइंक ही सर्वांना वापरता येईल अशी प्रणाली तयार केली. आइन्स्टाइन ॲट होम, रोझेटा ॲट होम, ऑक्सफर्डचा हवामानाच्या अंदाजांचा प्रकल्प, हे सगळे तिच्यावर उभे राहिले. आइन्स्टाइन ॲट होमच्या स्वयंसेवकांच्या यंत्रांवर २०१० मध्ये आधी माहीत नसलेला एक पल्सार, म्हणजे ठरावीक लयीत रेडिओ-स्पंदने पाठवणारा तारा, सापडला. त्यातले एक यंत्र अमेरिकेतल्या आयोवा राज्यात होते, दुसरे जर्मनीत माइन्झला. सामान्य माणसाच्या घरातले यंत्र विज्ञानात खरी भर घालू शकते, याचा तो उत्तम पुरावा आहे.

पण आपल्या विद्यापीठातल्या एकट्या संशोधकाला आम्ही इर्जिकीचा मार्ग सुचवणार नाही. अनोळखी यंत्रावर भरवसा ठेवता येत नाही, म्हणून तोच तुकडा निदान दोघांना पाठवून उत्तरे ताडून पाहावी लागतात. तेवढ्याने अर्धी शक्ती गेली. त्यातही वेगळ्या प्रोसेसरवर दशांशाच्या शेवटच्या काही स्थानांचे आकडे वेगळे येतात, त्यामुळे दोन्ही उत्तरे बरोबर असूनही जुळत नाहीत, आणि किती फरक चालेल हे प्रत्येक प्रोग्रामसाठी आधी ठरवावे लागते. प्रोग्राम विंडोज, मॅक, लिनक्स या सगळ्यांसाठी तयार करून त्यावर डिजिटल सही करावी लागते. ही सही करण्याची किल्ली ज्या संगणकावर ठेवायची तो नेटवर्कला कधीच जोडायचा नसतो, कारण ती चोरीला गेली तर हजारो घरांत कोणताही प्रोग्राम घुसवता येईल. शिवाय स्वयंसेवकांच्या शंकांना रोज उत्तरे द्यावी लागतात. पीएचडीच्या विद्यार्थ्याने एवढे केले तर प्रबंध कधी लिहायचा?

इर्जिक घालणाऱ्याकडे जेवणाची तयारी नसली तर काय होते, हे मार्च २०२० मध्ये जगाने पाहिले. फोल्डिंग ॲट होम हा प्रथिनांच्या घड्यांचा अभ्यास करणारा प्रकल्प करोनाच्या विषाणूकडे वळला आणि काही आठवड्यांत लाखो लोक धावून आले. एकत्रित वेग एक एक्झाफ्लॉपच्या, म्हणजे सेकंदाला एकावर अठरा शून्ये इतक्या गणितांच्या, पुढे गेला. त्या वेळच्या कोणत्याही महासंगणकाला तो गाठता आला नव्हता. पण कामाचे तुकडे तयार करणारे हात आणि ते वाटणारे सर्व्हर अपुरे पडले, आणि अनेक स्वयंसेवकांची यंत्रे कामाची वाट पाहत नुसती बसून राहिली. त्याच महिन्याच्या शेवटी सेटी ॲट होमने कामाचे वाटप थांबवले. कारण असे दिले गेले की, आणखी तुकडे तपासून फारसे काही हाती येणार नव्हते, वाटपाची व्यवस्था चालवण्यात फार श्रम जात होते आणि जमलेल्या निकालांचे विश्लेषण तसेच राहिले होते. दोन्हीकडे यंत्रे भरपूर होती आणि माणसे मोजकी.

सावडीकडे वळू. नव्वदच्या दशकाअखेरीस इयन फॉस्टर, कार्ल केसेलमन आदी संगणकशास्त्रज्ञांनी ग्रिडची कल्पना मांडली ती विजेच्या जाळ्याची उपमा देऊन: भिंतीत प्लग लावावा आणि गणनशक्ती मिळावी. उपमा आकर्षक होती, पण तिने दिशाभूलही पुष्कळ केली. कोयनेची वीज असो की चंद्रपूरची, पंख्याला फरक पडत नाही. गणनशक्तीचे तसे नसते. या यंत्रावर पायथनची अमुक आवृत्ती, त्यावर दुसरी. इथे कोरमागे दोन गिगाबाइट मेमरी, तिथे आठ. प्रोग्राम इकडे चालतो आणि तिकडे पहिल्याच ओळीला कोसळतो. ही दरी भरून काढायला कोणीतरी तिथे बसून जोडणी करावी लागते.

भारतात सी-डॅक या सरकारी संगणन संस्थेने गरुडा हे राष्ट्रीय ग्रिड उभारले. पहिल्या टप्प्यात १७ शहरांतल्या ४५ संस्था जोडल्या होत्या. नंतर राष्ट्रीय ज्ञान जाळे, म्हणजे एनकेएन, आले आणि वेगवान जोडणीचा प्रश्नही बराच सुटला. पण त्या पिढीतल्या सगळ्याच ग्रिडांमध्ये नव्या संशोधकाची पहिली गाठ पडायची ती प्रमाणपत्राशी. ओळख पटवून डिजिटल प्रमाणपत्र मिळवायचे, दरवर्षी नवे करायचे, आणि काम पाठवण्याआधी त्यावरून एक तात्पुरता परवाना काढायचा. या परवान्याची मुदत ठरवून दिली नाही तर बारा तासांची असे. काम रांगेतच चौदा तास थांबले की परवाना संपलेला, काम बाद, आणि पडद्यावर सुरक्षाविषयक एक न उलगडणारी ओळ. भौतिकशास्त्रातल्या मोठ्या गटांनी हे सोसले, कारण त्यांच्याकडे त्यासाठीच नेमलेले लोक होते. युरोपातल्या सर्न या कणभौतिकी प्रयोगशाळेच्या जागतिक ग्रिडमध्ये मुंबईची टीआयएफआर आणि कोलकात्याचे व्हीईसीसी ही केंद्रे वर्षानुवर्षे काम करत आली आहेत. वनस्पतिशास्त्राच्या किंवा संख्याशास्त्राच्या विभागाला मात्र विचारायला कोणी नव्हते. आता ती जुनी प्रमाणपत्रांची पद्धत अमेरिकेच्या ओपन सायन्स ग्रिडनेही सोडून दिली आहे.

म्हणून सुरुवात राष्ट्रापासून न करता एका इमारतीपासून करावी. त्यासाठी लागणारी प्रणाली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या मॅडिसन संकुलात मायरन लिव्हनी यांच्या गटाने घडवली. तिचे मूळ नाव काँडॉर, २०१२ पासून एचटीकाँडॉर. ती मोफत आहे, तिचा मूळ कोड खुला आहे, आणि गुरुत्वीय लहरींचे विश्लेषण करणाऱ्या संगणक केंद्रांत ती रोजच्या वापरात आहे. तिचे काम वधूवर सूचक मंडळासारखे चालते. प्रत्येक यंत्र आपली जाहिरात देते: माझ्याकडे चार कोर, आठ गिगाबाइट मेमरी, आणि मी फक्त कोणी वापरत नसेल तेव्हाच उपलब्ध. प्रत्येक काम आपली जाहिरात देते: मला एक कोर, दीड गिगाबाइट मेमरी हवी. दोघांच्याही अटी पटल्या तरच जोडी जमते.

प्रयोगशाळेच्या यंत्रासाठीची नेहमीची अट अशी: पंधरा मिनिटे कळफलकाला हात लागला नाही आणि यंत्रावर दुसरे काम नाही, तर बाहेरचे काम घ्यायचे. कोणी कळ दाबली की ते काम तिथल्या तिथे थांबवायचे. दहा मिनिटांत माणूस उठून गेला नाही, तर काम यंत्रावरून हटवून पुन्हा रांगेत टाकायचे. यंत्राच्या मालकाचा हक्क पहिला, ही अट कधीही शिथिल करू नये. एका प्राध्यापकाचे तास एकदा जरी रखडले तरी पुढच्या विभागीय बैठकीत सावड मोडते.

खरी अडचण यापुढे सुरू होते. वीस तासांचे सलग काम बारा तासांच्या रात्रीत टाकले, तर ते रोज सकाळी हटवले जाईल, रोज संध्याकाळी शून्यापासून सुरू होईल आणि कधीच संपणार नाही. यंत्रे रात्रभर तापतील, बिल येईल, हाती काही लागणार नाही. म्हणून कामाचे तुकडे एक ते दोन तासांचे पाडायचे. फार लहानही नकोत. पाच मिनिटांच्या कामात फाइल नेण्या-आणण्याचाच खर्च मोठा होतो. वरच्या रेणूंच्या उदाहरणात बारा-बारा रेणूंची एक गड्डी करायची, म्हणजे तासाभराची ८,३३४ कामे झाली. प्रत्येक रेणू झाला की उत्तर फाइलमध्ये लिहायचे, आणि काम पुन्हा सुरू झाल्यावर आधी झालेले रेणू वगळायचे. वीज गेली तरी नुकसान पाच मिनिटांचे.

ती फाइल ठेवायची कुठे, हाही प्रश्न आहे. आपल्या अनेक प्रयोगशाळांत यंत्र पुन्हा सुरू केल्यावर डिस्क मूळ स्थितीला आणणारे डीप फ्रीझसारखे सॉफ्टवेअर बसवलेले असते. विद्यार्थ्यांनी केलेला गोंधळ त्याने पुसला जातो, तसेच अर्धवट झालेले संशोधनही. म्हणून टप्प्याटप्प्याची उत्तरे यंत्रावर न ठेवता काम पाठवणाऱ्या सर्व्हरवर परत मागवायची. हा सर्व्हर प्रयोगशाळेच्या स्विचला एक गिगाबिटने जोडलेला हवा. साठ यंत्रांनी प्रत्येकी ५०० मेगाबाइटची फाइल एकदम मागितली तर ३० गिगाबाइट जायला एक गिगाबिटवर किमान चार मिनिटे लागतात, जुन्या शंभर मेगाबिटवर चाळीस. फायरवॉलमध्ये एचटीकाँडॉर वापरते तो ९६१८ हा पोर्ट फक्त विद्यापीठाच्या जाळ्यापुरता उघडायचा. विंडोजचे अपडेट मध्यरात्री यंत्र बंद करून सुरू करणार नाही, हे पाहायचे. अँटिव्हायरस अनोळखी प्रोग्राम उचलून कोपऱ्यात टाकतो. कामांच्या फोल्डरला त्यातून सूट द्यायची.

एक चूक तर पडद्यावर दिसतही नाही, म्हणून तिच्याकडे विशेष लक्ष हवे. यादृच्छिक आकड्यांवर चालणाऱ्या प्रोग्राममध्ये बऱ्याचदा बीज (ज्यापासून आकड्यांची माळ सुरू होते तो आकडा) म्हणून घड्याळातली वेळ घेतलेली असते. २४० कामे एकाच सेकंदाला सुरू झाली की सगळ्यांचे बीज एक, आकड्यांची माळ एक आणि उत्तरही एकच. संशोधकाला वाटते आपण २४० स्वतंत्र प्रयोग केले. प्रत्यक्षात एकच प्रयोग २४० वेळा उतरवलेला असतो, आणि निबंधात त्रुटीची मर्यादा फसवी लहान छापली जाते. कामाचा क्रमांक हेच बीज म्हणून द्यायचे, इतका सोपा उपाय आहे. पण तो सांगणारे कोणीतरी शेजारी हवे. परवान्यांचेही तसेच. गणितासाठीच्या मॅटलॅब या विकतच्या सॉफ्टवेअरच्या २४० प्रती एकदम चालवायला परवाने कुठून आणणार? प्रोग्राम संकलित करून मोफत रनटाइमवर चालवायचा किंवा तशाच मोफत ऑक्टेव्हकडे वळायचे.

विजेचा हिशेब उघडपणे मांडायला हवा, कारण सगळ्या बैठका तिथेच अडतात. मॉनिटर बंद ठेवून पूर्ण कामात एक यंत्र ९० वॅट घेते असे धरू. साठ यंत्रे, बारा तास, म्हणजे ६४.८ युनिट, युनिटला दहा रुपये धरले तर रात्रीचे ६४८ रुपये. एका कोर-तासाला साडेबावीस पैसे पडले, आणि एक लाख रेणूंची पूर्ण तपासणी चार रात्रींत सुमारे २,६०० रुपयांत झाली. ही रक्कम संशोधन प्रकल्पाच्या खर्चात टाकता आली पाहिजे. आज संशोधनाचा निधी एका खात्यात आणि महाविद्यालयाचे वीजबिल दुसऱ्या खात्यात असते, आणि प्राचार्यांना आपल्या बिलातून दुसऱ्याच्या संशोधनासाठी पैसे भरल्यासारखे वाटते. ते वाटणे चुकीचे नाही. सावडीत हिशेब पक्का लागतो.

उष्णतेचेही पाहावे लागते. साठ यंत्रे मिळून ५.४ किलोवॉट उष्णता सोडतात. दीड टनी एसी साधारण तेवढीच बाहेर फेकू शकतो. रात्रभर एसी चालवला तर वरचा हिशेब कोलमडतो. पुणे-नाशिककडे हिवाळ्यात जाळीच्या खिडक्या उघड्या ठेवून भागते. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये निम्मीच यंत्रे चालवावीत. आठ वर्षांपेक्षा जुनी यंत्रे सावडीत घेऊच नयेत. तेवढ्याच विजेत ती नव्याच्या मानाने फार कमी काम करतात.

आता आक्षेप. राष्ट्रीय महासंगणन अभियानाला २०१५ मध्ये ४,५०० कोटींची मंजुरी मिळाली, आयसर पुण्यात परम ब्रह्म हा महासंगणक आहे, सप्टेंबर २०२४ मध्ये जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीसाठी परम रुद्र आले. मग प्रयोगशाळेच्या डेस्कटॉपांचे काय घेऊन बसलात, असे विचारले जाते. महासंगणकाची किंमत त्याच्या प्रोसेसरांपेक्षा त्यांना जोडणाऱ्या वेगवान जाळ्यात आहे. मॉन्सूनचे प्रारूप चालवताना शेकडो कोरना क्षणोक्षणी एकमेकांशी बोलावे लागते. ते काम डेस्कटॉपांच्या सावडीत कधीही जमणार नाही आणि कोणी तसा प्रयत्नही करू नये. पण एका रेणूचा दुसऱ्याशी संबंध नसलेली एक लाख सुटी कामे त्या महागड्या यंत्राच्या रांगेत घालणे म्हणजे मालगाडीचा डबा भाड्याने घेऊन त्यातून टपाल पाठवणे. सुटी कामे खाली गेली तर वरची रांगही लवकर सरेल.

सुरक्षेचा आक्षेप जास्त गंभीर आहे. बाहेरचे काम कोणताही अधिकार नसलेल्या वेगळ्या खात्यातूनच चालावे, यंत्रावरच्या इतर फाइली त्याला दिसू नयेत. रुग्णांची माहिती सावडीत आणायचीच नाही. ऑनलाइन परीक्षेच्या आदल्या दिवसापासून ती प्रयोगशाळा पूर्णपणे बाहेर काढावी. आणि कोणी लपून आभासी चलन तयार करत नाही ना, यासाठी कोणाचे कोणते काम किती तास चालले याची नोंद सर्वांना पाहता यावी.

या सगळ्या गोष्टी करणार कोण? आज होते ते असे: एखादा हुशार विद्यार्थी स्वतःच्या गरजेपोटी पंधरा-वीस यंत्रे जोडतो, दोन वर्षे विभाग त्यावर चालतो, त्याचा प्रबंध पूर्ण होतो, तो जातो, आणि त्याच्याबरोबर पासवर्डही जातो. अनुदानाच्या अर्जात उपकरणांसाठी रकाना असतो, डेडस्टॉक रजिस्टरमध्ये यंत्रांची नोंद होते, पण हे काम ज्याचे आहे असे पद ना अध्यापकांत असते ना शिक्षकेतर कर्मचाऱ्यांत. विस्कॉन्सिनमध्ये संशोधकाशेजारी बसून त्याच्या कामाचे तुकडे कसे पाडायचे हे सांगणारे लोक पगारावर नेमलेले आहेत. तिथली प्रणाली इतकी वर्षे टिकली त्यात त्यांचा वाटा मोठा आहे. आपल्या प्रत्येक विद्यापीठात संशोधन संगणन अभियंत्याची निदान दोन पदे हवीत, आणि ती अकरा महिन्यांच्या करारावर नकोत. दोन यासाठी की एक रजेवर गेला तर सावड थांबू नये.

पुढचा टप्पा विद्यापीठे एकमेकांना जोडण्याचा. एचटीकाँडॉरमध्ये आपल्या पूलमध्ये (एकत्र जोडलेल्या यंत्रांच्या संचात) जागा नसेल तर उरलेली कामे दुसऱ्या पूलकडे वळवण्याची सोय आहेच, आणि तार एनकेएनची आहे. एका विद्यापीठाच्या परीक्षा चालू असताना दुसऱ्याच्या प्रयोगशाळा मोकळ्या असतील, तर त्या फरकाचा दोघांनाही फायदा आहे. पण हे दुसऱ्या वर्षी.

पहिल्या वर्षी कुलसचिवांनी एक परिपत्रक काढावे, त्यात मालकाचा पहिला हक्क आणि विजेची वाटणी लिहून द्यावी. एका प्रयोगशाळेतली वीसच यंत्रे घ्यावीत आणि काम असलेले दोन विभाग. सुरुवात दिवाळीच्या सुटीत करावी, तेव्हा यंत्रे दिवसाही रिकामी असतात आणि उकाडाही नसतो. दर सोमवारी प्रयोगशाळेच्या दारावर एक कागद लावावा: गेल्या आठवड्यात किती कोर-तास चालले, त्यांतले किती अर्धवट राहून वाया गेले, किती युनिट वीज लागली, कोणाचे काम पूर्ण झाले. वाया गेलेल्या तासांचा आकडा सर्वांत वर आणि मोठ्या अक्षरांत असावा.